स्कोअर काय होता

शनिवारी आम्ही चौघं भेटतो,
भोटाहिटीच्या मागल्या गल्लीत, तीर्थमानच्या टपरीवर.
आधी नऊ होतो.
काठमांडूत शनिवारी सुट्टी, आणि सुट्टीला भांडण लागतंच.
आमचं ठरलेलं आहे :
त्या दिवशी स्कोअर काय होता?

हेराकाजी म्हणतो, शून्य-शून्य.
सानुकान्छा पशुपतिनाथाची शपथ घेतो, आपण एकाने मागे होतो,
आणि पंचाला ठेवणीतली एक शिवी हासडतो.
पंच मेला कधीच. शिवी अजून धडधाकट.
तीर्थमान गप्प. तो गेलाच नव्हता.
तिकिटाचे पैसे आदल्या रात्री कवड्यांवर हरला,
म्हणून आहे.
तेव्हापासून आमच्याकडून चहाचे पैसे घेत नाही.

गारांबद्दल मात्र एकमत.
पहिली पडली माझ्या पुढच्याच्या टकलावर, टप्,
आणि आम्ही हसलो.
हे मी घरी सांगत नाही, की आधी हसलो.
मग नागार्जुनच्या डोंगरावरून काळंनिळं काहीतरी उतरलं
आणि सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या
(हेराकाजीच्या गारा दर वर्षी थोड्या वाढतात)
गालावर, कानावर, डोक्यावर धरलेल्या बोटांवर.

छप्पर एकाच बाजूला होतं.
तिथं मोठी माणसं. मोठ्या माणसांपुढे काठ्या.
बाकी आम्ही सगळे आभाळाखालचे.

खेळाडू पळाले. बॉल राहिला.
पांढऱ्यात पांढरा. बघता बघता
बॉल कुठला आणि गार कुठली, कळेना.
मी तेवढ्यासाठी थांबलो, क्षणभर,
आणि त्या क्षणाने मला रांगेत मागे टाकलं.
पुढचे दारापाशी पोचले.

कुणी म्हणतं कुलूप होतं. कुणी म्हणतं नुसती कडी.
कुणी म्हणतं, दार आत उघडायचं,
आणि आत तर आम्हीच होतो, दाराला छाती लावून.

किंकाळ्या मला आठवत नाहीत.
लांबच्या त्या पत्र्यावर गारा वाजत होत्या,
भरल्या स्टेडियमने टाळ्या द्याव्यात तशा.
माझे पाय जमिनीला नव्हते, कितीतरी वेळ.
नंतर टेकले,
ते जमिनीवर नाही.

मी सुतार. वडील खिडक्या कोरायचे, आजोबाही.
मी दारं करतो, आणि बाहेर उघडणारी करतो.
गिऱ्हाईक कुरकुरतं, पावसात फुगेल, चोर बिजागरी काढेल,
आणि गल्लीतून जाणाऱ्याच्या कपाळावर बसेल त्याचं काय?
बसू दे.

अष्टमाया आमा वर्षातून एकदा येते, त्याच दिवशी,
दारापाशी पणती लावून मग इकडे, टपरीवर.
दरवेळी विचारते, माझा बिखुलाल दिसला होता का रे?
पिवळा मफलर. एका टोकाला हिरवा,
लोकर संपली होती.
इतकी वर्षं मी मान हलवत आलो, नाही आमा.
तिचा मुलगा नेमका कुठे होता ते मला ठाऊक नाही.
हिरवं टोक कुठे होतं ते ठाऊक आहे.

यंदा ती आली तेव्हा आमचं भांडण रंगात होतं.
सानुकान्छा टेबलावर मूठ आपटत होता, एक-शून्य, एक-शून्य.
आमा बाकावर बसली. चपला काढून पाय चोळले.
मफलरचं काही विचारलं नाही.
म्हणाली, एवढं भांडताय, पण मग
उरलेला खेळ कधी झाला?

हेराकाजीने माझ्याकडे पाहिलं. मी सानुकान्छाकडे.

तीर्थमानने पाचवा ग्लास विसळायला घेतला,
आणि बराच वेळ
विसळतच राहिला.